शरमहरण

आमच्या साडूंनी जे जे सोपं करायला हातात घेतलं, ते ते अवघड होऊन बसलं नाही असं एकही उदाहरण उभ्या जालना जिल्ह्यात सापडायचं नाही. हे मी रागानं म्हणत नाहीये. रागावून झालं, हसून झालं, बायकोच्या माहेरची माणसं म्हणून दात आवळून गप्प बसूनही झालं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस कशी धरायची हे शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नातवंडं खेळवतात, निदान सकाळी फिरायला जाऊन दुसऱ्यांना पथ्यं सांगतात. साडू बदनापूरच्या पुढं आडबाजूला असलेल्या आपल्या गावी परतले आणि त्यांनी ग्रामीण जनतेचे कष्ट कमी करायला घेतले. जनतेला कुणी विचारलं नव्हतं.

त्यासाठी त्यांनी घराशेजारच्या गोठ्यावर पाटी लावली, एकेका शब्दाची एकेक फळी : 'ग्रामोपयोगी समुचित तंत्रज्ञान विकास व प्रसार केंद्र'. गोठा लहान आणि नाव लांब, त्यामुळं 'केंद्र' हा शब्द कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीवर गेला. गोठ्यात आधी अक्कांची म्हैस राहायची. विकास सुरू झाला तशी ती लिंबाखाली आली, आणि लिंबाखाली बांधलेल्या म्हशीला ऊन लागू नये म्हणून काय करता येईल, याचा अभ्यास साडू आत गोठ्यात सावलीला बसून करू लागले. तो अभ्यास पुढं कितीतरी वर्षं चालला. म्हैस तोवर सूर्याबरोबर झाडाभोवती फिरायला आपली आपण शिकली.

त्यांची पहिली खोड म्हणजे कुठलीही वस्तू दिसली की ती उलटी करायची आणि म्हणायचं, "बघू बरं." आमच्या जालन्याच्या घरी ते आले की माझी बायको आधी मिक्सर लपवते आणि मग पाण्याचा तांब्या पुढं करते. साडू तांब्यातलं पाणी पितात आणि तांब्या उलटा करतात. एकदा शेजारी सत्यनारायणाला गेले, तर तीर्थाची पळी उलटी करून तिचा दांडा किती अंशात वाकवला तर तीर्थ सांडणार नाही, हे त्यांनी गुरुजींना कथा चालू असताना समजावलं. दुसरी खोड त्यांच्या तीन प्रश्नांची. समोर काहीही आणा, ते विचारणार : "गावात बनतं का? गावात दुरुस्त होतं का? गावातल्या बाईला न सांगता कळतं का?" तिन्ही उत्तरं हो आली तर वस्तू समुचित, नाहीतर भंगार. मी ज्या बियाण्याच्या कंपनीत कारकुनी करतो, तिला त्यांनी पहिल्याच प्रश्नावर भंगारात काढलंय. आमच्या पुतणीला पुण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, गोरागोमटा, बोलायला इंग्रजीत. सगळे खूश. साडूंनी मुलाकडं खालून वरपर्यंत पाहिलं आणि त्याच्या बापाला विचारलं, "गावात दुरुस्त होतो का?" ते स्थळ परत आलं नाही.

आता त्यांचं संशोधन. त्यांनी सायकलवर चालणारी पिठाची गिरणी केली. ती चालली, मी स्वतः चालवली आहे. एका वेळच्या भाकरीचं पीठ दळून उतरलो तेव्हा मला दोन वेळच्या भाकरी लागल्या. त्यांनी बिनधुराची चूल केली. चुलीतून खरोखरच धूर यायचा नाही, तो नळीतून शेजारच्यांच्या माजघरात जायचा, आणि शेजारीण पदरानं डोळे पुसत भांडायला यायची. उन्हाळ्यात टँकरचं पाणी घरापर्यंत वाहायला त्यांनी आडवा ड्रम केला, दांडा लावून ढकलत न्यायचा. तो इतका हलका फिरायचा की पहिल्याच दिवशी उतारावर बायांच्या हातून सुटला आणि त्यांच्या आधी गावात येऊन ग्रामपंचायतीच्या दारात शिरला. सरपंच आत होते म्हणून त्याची रीतसर नोंद तरी झाली. आणि ह्या सगळ्या काळात अक्का मुकाट्यानं गॅसवर स्वयंपाक करत होत्या, पीठ विजेच्या गिरणीतून आणत होत्या आणि पाणी डोक्यावरून.

नावं मात्र अशी, की वस्तू बाजूला ठेवून नावालाच नमस्कार करावा. गिरणी 'अन्नदा', चूल 'निर्धूमा', ड्रम 'जलरथ'. रामनवमीला त्यांनी जांब समर्थला यात्रेत एक मांडव टाकला आणि काळ्या पेटीवर काच लावलेलं भाज्या वाळवायचं यंत्र मांडलं, वर नाव : 'सूर्यप्रसाद'. दर्शन घेऊन आलेली भाविक मंडळी जोडे काढून पुढं यायची, पेटीला हात लावून कपाळाला लावायची, 'सूर्यप्रसाद' वाचून ओंजळ पुढं करायची आणि आतल्या वाळलेल्या मेथीची चिमूट तोंडात टाकून निघून जायची. साडू प्रत्येकाला ओरडून सांगत होते, "अहो, हे तंत्रज्ञान आहे!" एका म्हाताऱ्यानं त्यांना समजावलं, "आसंल बाबा. सगळ्यात त्योच आहे."

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते मागच्या वर्षी उन्हाळ्यात बिघडलं. नवीन जालन्यात एका हॉटेलच्या गार हॉलमध्ये कुठल्याशा संस्थेनं खेड्यापाड्यांसाठीच्या तंत्रज्ञानाची कार्यशाळा भरवली होती. साडूंना बोलावणं आलं. साडूंनी इस्त्रीचा सदरा घातला आणि आधाराला मला नेलं. व्यासपीठावर खादीतले साहेब होते, त्यांच्या खादीला आमच्या साडूंच्या टेरिकॉटपेक्षा कडक इस्त्री होती. प्रत्येकानं उठायचं, आपलं तंत्रज्ञान सांगायचं आणि मग साहेब हसून विचारणार, "वापरकर्ते किती?" लोक सांगत होते, इतके तालुके, तितके जिल्हे, परराज्यातही. कुणी तर नेपाळचं नाव घेतलं. साडूंची पाळी आली. त्यांनी चूल सांगितली, ड्रम सांगितला, सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "वापरकर्ते?" मी बाजूनं कोपर मारलं, म्हटलं सांगा काहीतरी, इथं कोण मोजायला येतंय. साडू उभे राहिले तसेच राहिले आणि म्हणाले, "एक बी न्हाई."

हॉलमध्ये मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी "प्रामाणिकपणा आवडला" म्हणून त्यांना एक प्लॅस्टिकची फाइल दिली. घरी आल्यावर बायकोनं चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. ती फाइल मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "साडूभाऊ, मला तालुका नको, जिल्हा नको. एक बाई पायजे. मी न सांगता, मी न बघता, आपल्या मनानं माझी एक वस्तू वापरणारी. एकच."

हे अक्कांच्या कानावर गेलं. अक्का बोलायला कमी. सगळं आयुष्य त्यांनी लोकांच्या हसण्याकडं पाठ करून काढलं होतं, पण नेपाळवाल्यांसमोर नवरा हसं करून घेऊन आला हे त्यांना झोंबलं. त्यांनी माझ्या आणि माझ्या बायकोच्या समोर निकाल दिला. "पोळ्यापर्यंत बघते. तवर एका बाईनं जरी तुमचं काही वापरलं तर माझं काही म्हणणं न्हाई. न्हाई वापरलं तर पाटी खाली आन् म्हैस आत. ती बी जीवच आहे." साडू "कबूल" म्हणाले. नोकरीत त्यांनी एकही दिवस बुडवला नव्हता आणि दिलेला शब्दही मोडला नव्हता, हे आम्हा तिघांना माहीत होतं.

मग त्यांनी जे केलं, ते, खरं सांगतो, फार साधं होतं. कपाशीत खुरपणी करायची म्हणजे बाया सकाळपासून उकिडव्या बसून इंच इंच सरकतात. अक्का स्वतः शेतात जायच्या आणि संध्याकाळी उठताना गुडघ्यावर हात दाबून "आई गं" म्हणायच्या. साडूंनी हे "आई गं" कितीतरी वर्षं ऐकलं होतं, पण गिरण्या आणि ड्रमांच्या गडबडीत ते त्यांच्या कानापर्यंतच राहिलं होतं. आता ते खाली पोचलं. त्यांनी भंगारातून मोटारसायकलींच्या जुन्या सीटा आणल्या, आतला फोम वीतभर जाडीचा गोल कापला, रेक्झिन चढवलं आणि दोन पट्टे लावले. पट्टे कमरेला बांधायचे. बाई खाली बसली की बूड फोमवर, उठली की सीट तिच्याबरोबर उठणार, सरकली की सरकणार. गावात बनत होतं, गावात दुरुस्त होत होतं, आणि कळायला त्यात काही नव्हतंच. अशी बारा केली. इथं थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण नाव नको? नाव ठेवलं 'श्रमहरण आसन', आणि आसनं बदनापूरच्या नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरकडं धाडून ते त्याला फोनवरून सांगितलं.

आमच्याकडं श्र हे अक्षर लिहायला आहे, बोलायला नाही. पेंटरनं ऐकलं तसं पिवळ्याधमक रंगात रंगवलं आणि पोतं बांधून परस्पर गावात पाठवून दिलं. मारुतीच्या पारावर बचत गटाच्या बाया जमल्या होत्या, मी हौसेनं फोटो काढायला गेलो होतो. साडूंनी श्रमिक महिलांवर भाषण केलं, पोतं सोडलं आणि बारा जणींच्या हातात बारा आसनं दिली. गयाबाई म्हणून खुरपणीच्या टोळीची मुकादमीण आहे, आवाज असा की दोन शेतं पलीकडचं पाखरू उडावं. तिच्या सुनेनं मोठ्यानं वाचलं, "शरम... हरण... आसन."

गयाबाईनं ते कमरेला बांधायचं प्रकरण उलटसुलट करून पाहिलं, पट्टे कुठं बांधायचे ते पाहिलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. "काहो सर, ह्या वयात आमची शरम हरण करायला आल्ते का तुमी?"

"शरम न्हाई हो गयाबाई, श्रम! श्रम म्हणजे मेहनत!"

"तेच म्हणून राह्यले ना मी. शरम."

"श्र! जीभ टाळूला लावा. श्र... म."

"श... रम," सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, आणि मग जो हसण्याचा लोंढा आला, त्यात केंद्र, विकास, प्रसार, सगळं वाहून गेलं. बाया एकमेकींच्या पाठीवर थापा मारत, डोळे पुसत घरी गेल्या. आसनं पारावर पडून राहिली. साडू एक एक गोळा करून पोत्यात भरत होते. मी सगळ्यात जास्त हसत होतो. आणि हसता हसता मी त्या पिवळ्या अक्षरांचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

साडूंच्या कुठल्याच वस्तूचा झाला नाही इतका प्रसार माझ्या त्या फोटोचा झाला. दोन दिवसांत तो फिरत फिरत अक्कांच्या फोनवर त्यांच्याच मामेबहिणीकडून आला. अक्कांनी मला फोन केला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाहुणे, तुमी तर घरचे व्हते." आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्यानंतर श्रावण लागला. एकदा साडू कामासाठी जालन्याला आले. बायकोनं गडबडीत मिक्सर लपवला नव्हता, तो ओट्यावर समोरच होता आणि भरीला खरखरत होता. साडूंनी त्याच्याकडं पाहिलं, आणि नजर काढून घेतली. तांब्यातलं पाणी प्यायले आणि तांब्या सरळ ठेवला. ते गेल्यावर माझी बायको ओट्याला टेकून रडली. "दाजींनी मिक्सर उलटा केला न्हाई हो," म्हणाली. मिक्सर उलटा केला नाही म्हणून रडलेली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही, पण मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मी रजा टाकून गावी गेलो. म्हटलं, गोठा रिकामा करायला मदत करावी, आणि जमलं तर माफी मागावी. अक्का शेतात गेल्या होत्या. आम्ही दोघं सामान काढायला लागलो. आसनं खुंट्यांवर टांगलेली होती. साडूंनी ती उतरवून मांडली, मोजली. पुन्हा मोजली. अकरा.

"चोरी झाली," साडू म्हणाले.

"जाऊ द्या हो, उंदरांनी नेलं असेल."

"साडूभाऊ, चोरी झाली!" त्यांचा चेहरा असा उजळला होता की विचारू नका. "आपली वस्तू कुणाला तरी चोरावी वाटली!" एवढं म्हणून ते पायात चपला सरकवून निघालेच. तक्रार द्यायला नाही, चोराचं दर्शन घ्यायला. मी मागं. आम्ही पांदीच्या वाटेनं गेलो, कुणाकुणाच्या शेतात डोकावत, आणि शेवटी त्यांच्याच शेताच्या पार टोकाला, नाल्याकडच्या पट्टीत आलो. तिथं कपाशीत एकटी बाई पाठमोरी खुरपत होती. सरकायची, बसायची. उठताना गुडघ्याला हात लावत नव्हती. कमरेला मागं काळं गोल काहीतरी बांधलेलं, त्याची रंगवलेली बाजू आत अंगाकडं लपवलेली. लुगडं अक्कांचं होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर साडूंनी माझा हात असा ओढला की मी कमरेइतक्या तुरीत आडवाच झालो. तेही शेजारी बसले, उकिडवे. "वाका, वाका!" कुजबुजले. "मी बघितलं तर ते धरता येणार न्हाई. न बघता वापरायला पायजे, असं ठरलंय." आणि त्यांनी खरोखरच डोळे गच्च मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. मी काय करणार? मीही तुरीत बसून राहिलो, आणि तिथंच त्यांची माफी मागितली. ते डोळे न उघडता म्हणाले, "मागून घ्या, पण हळू बोला."

पण आता पंचाईत अशी, की बघितलं नाही म्हटल्यावर जिंकलो असं म्हणायचं कसं? मी म्हणालो, मी सांगतो अक्कांना. साडूंनी मला शपथ घातली. दिलेला शब्द म्हणजे शब्द. पोळ्याच्या दिवशी सकाळी हा माणूस शिडी लावून चढला आणि स्वतःच्या हातानं पाटी काढायला लागला. आधी बाजूच्या भिंतीवरचं 'केंद्र' काढलं, मग 'प्रसार'. अक्का दारात पुरणाच्या हातानं उभ्या होत्या. दोनदा तोंड उघडून मिटलं. मग आत गेल्या.

दुपारी बैल वाजतगाजत निघाले. दारोदारी बाया ताटं घेऊन ओवाळायला उभ्या. आमच्या दारातून अक्का बाहेर आल्या, नेसूचं नवं लुगडं, हातात ताट, आणि कमरेला मागं बांधलेलं आसन, पिवळी अक्षरं बाहेर. चालताना ते डुलत होतं. वाजंत्र्यांचा सूर चुकला. सगळ्या गावानं वाचलं. गयाबाई पुढं आली, "अवो अक्का, हे काय लावून आल्या?"

"महिना झाला, रोज लावून राह्यले," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "चोरून. नवऱ्यानं बनवलेली वस्तू वापरायची शरम वाटत व्हती मला. गेली एकदाची. बराबर लिहिलंय पेंटरनं."

कुणी हसलं नाही. गयाबाईनं आसनाला बोटानं दाबून पाहिलं, मऊ लागलं तसं पुन्हा दाबून पाहिलं. साडू अजून शिडीवरच होते, 'विकास'ची फळी हातात धरून थिजलेले. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलेल, निदान अक्कांचं नाव घेईल. ते शिडीवरून खाली उतरले, घसा खाकरला आणि म्हणाले, "पट्टा काचतो का?"

"काचतो," अक्का म्हणाल्या. "डाव्या अंगाला."

"बघू बरं," साडू म्हणाले, आणि बैल तिथंच तटलेले असताना गुडघ्यावर बसून त्यांनी पट्टा सैल केला.

ह्याला वर्ष झालं. पाटी पुन्हा लागलीय, फक्त 'प्रसार' तिरका बसलाय. म्हशीला अखेर पत्र्याचं छप्पर मिळालं. गयाबाईच्या टोळीतल्या बाया आता सकाळी एकमेकींना हाका मारतात, "शरम घेतली का गं?" "आगं, माझी शरम घरीच राह्यली!" नवख्या माणसाला वाटावं, कुठल्या गावात आलो. साडू कुणाचा श्र सुधारत नाहीत.

परवा ते आमच्याकडं आले ते घाईघाईनं, चपला दारात एकावर एक. बदनापूरच्या स्टेशनावर त्यांना एक अनोळखी बाई दिसली होती, कुठल्या तरी लांबच्या गावची. तिच्या गाठोड्याला तसलंच आसन लटकलेलं, पण रेक्झिनचं नाही, खताच्या पोत्याचं, आत चिंध्या भरलेल्या, हातानं शिवलेलं. साडूंनी तिला विचारलं, "बाई, हे कुणी काढलं?" ती म्हणाली, "काढलं म्हंजी? शरम आहे ही. ही असतीच की."

"असतीच की, म्हणली!" साडू माझा दंड धरून हलवत होते. "साडूभाऊ, असतीच की!"

मला एकदम भरून आलं. एवढी धडपड केली ह्या माणसानं, आणि त्याचं नाव सांगणारं चार गावांपलीकडं कुणी नाही. असं मी म्हणणार होतो. पण साडूंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते ओट्याजवळ गेले होते आणि त्यांनी आमचा मिक्सर उलटा केला होता.